मुलाखतीनंतरचा पाठपुरावा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव श्री समर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६०८ साली ठोसर घराण्यात नारायण या नावाने समर्थांचा जन्म येथे झाला. रामनवमीच्या उत्सवाचे दिवस सोडले, तर वर्षभर हे गाव मराठवाड्यातील इतर गावांसारखेच शेतीच्या कामात गढलेले असते. कापूस, तूर, सोयाबीन आणि पाण्याची सोय असेल तेथे ऊस, हा या भागाचा आधार. मात्र शेतीचे तुकडे पडत गेले आणि शिक्षणाचा प्रसार झाला, तसा पदवी किंवा आय.टी.आय.चे प्रमाणपत्र हाती असलेला मुलगा वा मुलगी आता पुष्कळ घरांत आहे. त्यांच्या नोकरीकडे घराचे डोळे लागलेले असतात.

नोकरीसाठी अर्ज कसा करावा, मुलाखतीला कसे सामोरे जावे, यासंबंधी मार्गदर्शन आता बरेच उपलब्ध आहे. शाळा-महाविद्यालयांतून त्याचे वर्ग भरतात, पुस्तके निघतात, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून मेळावे घेतले जातात. परंतु मुलाखत संपवून उमेदवार एस.टी.ने गावी परतला की त्यापुढील दिवसांविषयी त्याला कोणी काही सांगत नाही. ‘मुलाखत चांगली झाली, आता बघू काय होते’, एवढेच तो घरी सांगतो आणि वाट पाहू लागतो. कित्येकदा ही वाट महिनोन्‌महिने पाहिली जाते. तोवर दुसरे काम हाती घ्यावे की नाही, रब्बीची पेरणी स्वतः करावी की बटाईने द्यावी, पुढच्या शिक्षणाचा प्रवेश घ्यावा की थांबावे, हे सारे निर्णय अधांतरी राहतात. हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही, पण ते होतच असते.

येथे एक तुलना मनात येते. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. बांधबंदिस्तीवर किंवा रस्त्याच्या खडीवर काम मागणाऱ्या मजुराला त्याच्या मागणीची तारखेसह पोच मिळावी, पंधरा दिवसांत काम मिळावे आणि न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा, असे त्या कायद्याने ठरवून दिले. काम देणाऱ्याने मागणाऱ्याला ठराविक दिवसांत उत्तर दिले पाहिजे, हे तत्त्व या राज्याने इतक्या आधी मान्य केले. मुलाखत देऊन आलेल्या पदवीधराला मात्र असे कोणतेही पंधरा दिवस नेमून दिलेले नाहीत. ते त्याने स्वतःच आखून घ्यावे लागतात. यालाच पाठपुरावा म्हणावयाचे.

पाठपुरावा या शब्दाविषयी ग्रामीण भागात दोन गैरसमज आहेत. एक असा की, विचारणा करणे म्हणजे लाचारी दाखविणे होय. साहेबांना राग आला तर होणारी नेमणूकही जाईल. दुसरा याच्या नेमका उलट, की पाठपुरावा म्हणजे कोणाची तरी ओळख काढणे, सरपंचांचे किंवा आमदारांचे पत्र नेणे. या दोन्हींत पाठपुरावा नाही. आपण अमुक दिवशी अमुक पदासाठी मुलाखत दिली आहे, आपली त्या कामाची इच्छा कायम आहे, आणि निर्णय केव्हा व कोणत्या मार्गाने कळेल हे जाणून घ्यावयाचे आहे, एवढेच त्यात सांगावयाचे असते. ते लेखी असावे, तारखेचे असावे आणि थोडक्यात असावे.

मालक कोण, हे आधी पाहावे

पाठपुराव्याची रीत सर्व ठिकाणी एकसारखी नाही. जांब समर्थच्या परिसरातील तरुणाला साधारणतः तीन प्रकारच्या नोकऱ्या खुणावतात. जालना हे पोलादाच्या सळ्या तयार करणाऱ्या कारखान्यांचे आणि बियाणे उद्योगाचे केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली, तेव्हापासून बियाण्यांच्या व्यवसायात या शहराचे नाव देशभर झाले. औद्योगिक वसाहतीतील हे कारखाने, त्यांची गोदामे, प्रयोगशाळा, विक्री विभाग हा पहिला प्रकार. अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यासारख्या सहकारी संस्था, पतसंस्था आणि खासगी शिक्षणसंस्था हा दुसरा. शासन, जिल्हा परिषद, महामंडळे व बँका हा तिसरा.

खासगी कारखान्यात निर्णय सहसा लवकर होतो आणि थोड्या माणसांच्या हाती असतो. तेथे उमेदवाराच्या विचारणेला खरोखर किंमत असते, कारण निवड झालेल्या माणसाने ऐनवेळी न येणे हा कारखानदारापुढील नेहमीचा प्रश्न असतो. मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन सारखेच उमेदवार असतील, तर ‘मी येण्यास तयार आहे, पंधरा तारखेपासून रुजू होऊ शकेन’ असे लिहून कळविणाऱ्याकडे त्याचा कल झुकणे स्वाभाविक आहे. न निवडलेल्या उमेदवाराला कारण कळविण्याचे बंधन मात्र खासगी मालकावर सर्वसाधारणपणे नसते आणि माहितीच्या अधिकाराचा कायदाही त्याला लागू होत नाही. म्हणून येथे आग्रहापेक्षा सौजन्याने काम होते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वीच विचारावयाचा असतो : ‘निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल, आणि तो आम्हांला कसा कळेल?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये. उत्तर मिळाले की त्याच दिवशी वहीत तारीख, पदाचे नाव, मुलाखत घेणाऱ्यांचे हुद्दे, विचारलेले मुख्य प्रश्न आणि सांगितलेली मुदत टिपून ठेवावी. दोन दिवसांच्या आत एक छोटे आभाराचे पत्र किंवा ई-मेल पाठवावा. त्यानंतर सांगितलेली मुदत संपेपर्यंत शांत राहावे. मुदत उलटून आठवडा गेला तर एकदा विचारणा करावी आणि आणखी पंधरा दिवसांनी फार तर दुसऱ्यांदा. त्यावरही उत्तर न आल्यास ते प्रकरण संपले असे समजून पुढील अर्जाकडे वळावे. रोज दूरध्वनी करणारा उमेदवार आपलेच नुकसान करून घेतो, आणि कळवल्याशिवाय कारखान्याच्या फाटकावर जाऊन बसणाऱ्याचा प्रवासखर्च वाया जातो.

पत्राचा मसुदा पुढीलप्रमाणे असू शकतो. शिक्षकांनी तो दहावी-बारावीच्या वर्गात पत्रलेखनाचा सराव म्हणून द्यावयास हरकत नाही.

‘मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग, यांस,
स. न. वि. वि.
दिनांक ...... रोजी आपल्या कार्यालयात प्रयोगशाळा सहायक या पदासाठी मी मुलाखत दिली. आपण वेळ देऊन कामाचे स्वरूप समजावून सांगितले, याबद्दल मी आभारी आहे. त्या वेळी माती परीक्षणाच्या अनुभवाविषयी विचारणा झाली होती. त्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. निवड झाल्यास आठ दिवसांत मी रुजू होऊ शकेन. निर्णय ...... तारखेपर्यंत कळेल असे सांगण्यात आले होते. तो कळविण्याची कृपा व्हावी. माझा पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक खाली दिला आहे. कळावे.
आपला/आपली विश्वासू’

या पत्रात गयावया नाही, घरच्या परिस्थितीचे वर्णन नाही आणि मोठेपणाही नाही. मुलाखतीत राहून गेलेली एक उपयुक्त गोष्ट मात्र आहे. मराठीत मुलाखत झाली असेल तर पत्र मराठीतच असावे. दुसऱ्याकडून उतरवून घेतलेल्या मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही चांगले. ज्या गावी समर्थांचा जन्म झाला, तेथील विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावयास नको. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हात एकसारखा राहावा, असा काटेकोर आग्रह त्यात धरलेला आहे. आज अक्षर हाताचे असो वा यंत्राचे, वाचणाऱ्याची सोय पाहण्याचा तो दंडक तसाच आहे.

पत्ता, क्रमांक आणि परवलीचा शब्द

प्रत्यक्षात कित्येक संधी हुकतात त्या मात्र पत्राच्या भाषेमुळे नव्हे. अर्जात दिलेला भ्रमणध्वनी क्रमांक बंद पडलेला असतो, किंवा तो चुलत्याचा असतो आणि चुलते ऊसतोडीला गेलेले असतात. ई-मेलचे खाते तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने उघडलेले असते आणि त्याचा परवलीचा शब्द उमेदवाराला ठाऊक नसतो. निवडीचे पत्र त्या खात्यात येऊन पडते, रुजू होण्याची मुदत संपते आणि घरचे लोक ‘वशिला नव्हता’ असे म्हणत राहतात. अर्ज कोणीही भरून दिला, तरी खाते आपले, परवलीचा शब्द आपल्या वहीत, आणि क्रमांक निदान वर्षभर न बदलणारा, एवढी दक्षता उमेदवाराने घेतलीच पाहिजे. क्रमांक बदलावा लागला तर नोकरी देणाऱ्याला तो लेखी कळविणे हासुद्धा पाठपुराव्याचाच भाग आहे.

टपालाबाबतही एक बदल ध्यानात ठेवावा. नोंदणीकृत टपालाची सेवा आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. कार्यालयाला विचारणेचे पत्र पाठवावयाचे असल्यास ते स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. किंवा समक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी आपल्या अनुपस्थितीत टपाल कोणाकडे द्यावे, हे गावच्या पोस्टमनला सांगून ठेवावे.

शाळेतील नेमणूक

खासगी शाळांतील नेमणुकांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण तेथे मुलाखतीनंतर चुकलेल्या पाठपुराव्याची किंमत फार मोठी असते. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीनुसार या नेमणुका होतात. अनुदानित शाळेत संस्थेने निवड केली, नेमणूकपत्र दिले, उमेदवार वर्गावर गेला, एवढ्याने काम पुरे होत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळाल्यावाचून आणि शालार्थ प्रणालीत नाव आल्यावाचून शासनाकडून वेतन सुरू होत नाही. २ मे २०१२ रोजी शिक्षक भरतीवर निर्बंध आले. त्यानंतरच्या अनेक नेमणुकांच्या मान्यतेचे प्रश्न निर्माण झाले आणि शिक्षकांना वर्षानुवर्षे विनावेतन शिकवीत न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढे २०१७ मध्ये ‘पवित्र’ प्रणाली आली आणि निवडीचा मोठा भाग गुणांवर व संगणकावर आला. तथापि मुलाखतीसह भरती निवडणाऱ्या संस्थांत अखेरचा टप्पा अद्याप मुलाखतीचाच आहे.

म्हणून शिक्षकपदाच्या उमेदवाराने मुलाखतीनंतर संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. जागा मंजूर व रिक्त आहे काय, जाहिरातीस परवानगी होती काय, आणि निवड झाल्यास मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे कोणत्या तारखेस जाईल. रुजू झाल्यावर त्या प्रस्तावाचा जावक क्रमांक मागून घ्यावा. हे विचारणाऱ्या उमेदवाराविषयी संस्थाचालकांनी राग धरण्याचे कारण नाही. ज्या संस्थेला ही उत्तरे देणे अवघड वाटते, तेथे उमेदवारानेच दोनदा विचार केलेला बरा.

शासकीय निवडीतील वाट पाहणे

शासकीय नोकऱ्यांत मुलाखतीचे क्षेत्र आता बरेच आटले आहे. १९८० मध्ये अजय हासिया प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, महाविद्यालयीन प्रवेशाच्या संदर्भात, मुलाखतीला एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे अवाजवी ठरविले होते. दोन-तीन मिनिटांत आटोपलेल्या मुलाखतींवरही न्यायालयाने नापसंती व्यक्त केली होती. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाने गट क, गट ड आणि गट ब मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तरीही राजपत्रित पदांसाठी लोकसेवा आयोगाची मुलाखत आहे, आणि गावपातळीवर पोलीस पाटलाच्या निवडीत ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुणांची तोंडी परीक्षाही आहे.

या निवडीत आभाराचे पत्र पाठवू नये. त्याचा उपयोग नाही, आणि निवड मंडळाच्या सदस्याशी खासगी संपर्क साधणे तर उमेदवारीलाच बाधक ठरते. येथील पाठपुरावा म्हणजे संकेतस्थळावरील व सूचना फलकावरील घोषणा नियमाने पाहणे, निवड यादी व प्रतीक्षा यादी यांतील आपला क्रमांक टिपून ठेवणे, आणि जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास या दाखल्यांच्या तारखा उलटणार नाहीत याची काळजी घेणे. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी दाखला कमी पडला म्हणून मागे राहिलेला उमेदवार मुलाखतीत कितीही चमकला असला, तरी त्याचा उपयोग होत नाही.

निवड यादीत नाव आले म्हणजे नोकरी लागली, हाही समज तपासून पाहावा लागेल. १९९१ मध्ये शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निवड यादीतील नावामुळे नेमणुकीचा अबाधित हक्क निर्माण होत नाही. मात्र शासनाला मनमानी करून जागा रिकाम्या ठेवण्याचाही परवाना नाही. राज्य सेवा परीक्षा २०१९ मधून शिफारस झालेल्या ४१३ उमेदवारांनी याचा अनुभव घेतला. त्यांचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला. ९ सप्टेंबर २०२० रोजी मराठा आरक्षणाच्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाची अंतरिम स्थगिती मिळाली, ५ मे २०२१ रोजी अंतिम निर्णय आला, आणि नियुक्त्यांसाठी २०२१ साल उजाडावे लागले. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत पार करून घरी बसलेल्या त्या तरुणांना शेजारी ‘साहेब’ म्हणून हाक मारीत होते आणि त्यांच्या हाती मात्र नेमणुकीचा कागद नव्हता.

विचारणा करूनही उत्तर मिळत नसेल, तर शासकीय कार्यालयाच्या बाबतीत उमेदवाराच्या हाती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला की तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. न मिळाल्यास तीस दिवसांच्या आत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. स्वतःचे मुलाखतीचे गुण, निवडीचे निकष, प्रतीक्षा यादीची स्थिती व भरलेल्या जागांची संख्या ही माहिती मागावी. मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे मात्र मिळणार नाहीत; बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उघड करण्यास नकार दिला आहे. अर्ज मुद्देसूद असावा. ‘माझी निवड का झाली नाही’ हा प्रश्न मनात कितीही असला, तरी माहितीच्या अर्जात मागावयाचा तो कागद.

पैशाची मागणी

मुलाखत आणि निकाल यांच्यामधील हाच काळ फसवणूक करणाऱ्यांच्या सोयीचा असतो. उमेदवार उत्सुक असतो, घरचे अधीर असतात, आणि अशा वेळी ‘तुमची निवड झाली आहे, गणवेशासाठी व अनामत म्हणून अमुक रक्कम भरा’ असा दूरध्वनी येतो. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा नोकरी देणारा नव्हे, हे पक्के समजावे. ज्या क्रमांकावरून बोलावणे आले त्यावर उलट न विचारता, मुलाखतपत्रावरील मूळ कार्यालयाच्या क्रमांकावर खातरजमा करावी. पैसे गेलेच तर सायबर तक्रारीसाठी १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. शासकीय नोकरीसाठी कोणी लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. यासाठी शेत गहाण पडण्याआधी घरातील एकाने तरी ग्रामसभेत किंवा शाळेत जाणत्या माणसाशी बोलावे.

उत्तर देणाऱ्याची बाजू

या लेखाचे बरेचसे वाचक स्वतः केव्हा ना केव्हा टेबलाच्या पलीकडे बसतात. ग्रामपंचायत पाणीपुरवठा कर्मचारी नेमते, शाळा समिती शिपाई निवडते, कार्यालयप्रमुख कंत्राटी संगणकचालक घेतो. मुलाखतीस आलेल्यांना ‘कळवू’ असे सांगितले जाते, आणि एकाला कळविले जाते. उरलेल्यांना कळविण्यासाठी काय लागते? निकालाची तारीख मुलाखतीच्या पत्रातच छापावी. त्या तारखेस निवडलेल्यांची व प्रतीक्षेतील नावे सूचना फलकावर लावावीत. निर्णय लांबला तर तेवढे एका ओळीत लिहून लावावे. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी तर विलंब प्रतिबंधाच्या २००५ च्या राज्य अधिनियमाने, कोणतीही नस्ती एका टेबलावर सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असा दंडक घातलेला आहे. उमेदवाराच्या विचारणेच्या पत्रालाही आवक क्रमांक पडतो आणि तीही एक नस्तीच असते.

आभार आणि विचारणा यांच्यानंतर येणारा अखेरचा कागद पुष्कळांना माहीत नसतो. निवड झाली, पण ठरलेल्या दिवशी रुजू होणे शक्य नाही, असे आजारपण, परीक्षा किंवा बाळंतपण यांमुळे घडू शकते. अशा वेळी गप्प राहिल्यास निवड रद्द होण्याचा संभव असतो. मुदत संपण्यापूर्वी कारण व पुराव्यासह मुदतवाढीचा अर्ज द्यावा, त्यात रुजू होण्याची निश्चित तारीख लिहावी आणि पोच घ्यावी. आणि दुसरीकडे चांगली नोकरी लागल्यामुळे ही स्वीकारावयाची नसेल, तर तेही त्याच तत्परतेने लिहून कळवावे, म्हणजे प्रतीक्षा यादीतील पुढच्या उमेदवाराला बोलावणे धाडता येते.